जुनी स्पोर्ट्स कार टोटल लॉस झाली तर: क्लेम कसा पुरा करायचा आणि बदली गाडी कशी घ्यायची

दहा-पंधरा वर्षं जुनी, मनापासून जपलेली स्पोर्ट्स कार अपघातात गेली की माणूस दोन गोष्टी घाईने करतो. विमा कंपनीने पुढे केलेल्या कागदांवर सह्या करतो आणि क्लेमचे पैसे येण्याआधीच दुसऱ्या गाडीला टोकन देऊन बसतो. दोन्ही चुकांमध्ये लाखांनी नुकसान होतं. माझी २०१० ची पोर्शे बॉक्सस्टर पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका टेम्पोने मागून ढकलून कठड्यावर घातली, त्यानंतरचे तीन महिने मी यातच काढले. तेव्हा शिकलेलं सगळं इथे क्रमाने मांडतो आहे. क्रम मोडू नका, कारण पुढचा प्रत्येक टप्पा मागच्यावर उभा आहे.

गाडी अजून धडधाकट असेल तरीही पहिला टप्पा आजच वाचा. निम्मा निकाल तिथेच लागतो.

## टप्पा १: पॉलिसीवरचा आयडीव्ही

टोटल लॉसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं ठरल्यावर, तुम्हाला गाडीचा बाजारभाव मिळत नाही, पॉलिसीवर छापलेला आयडीव्ही, म्हणजे विमा घेताना ठरलेली गाडीची किंमत, मिळतो. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचा आयडीव्ही ठरावीक घसाऱ्याने निघतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, मग १५, २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता संपतो. तिथून पुढे आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचा असतो.

लोक चुकतात ते इथेच. रिन्यूअलच्या पानावर जो आकडा आधीच भरलेला असतो तो बहुतेक जण तसाच ठेवतात, किंवा प्रीमियम कमी व्हावा म्हणून आणखी खाली ओढतात. माझ्या पॉलिसीवर १६ लाख होते. तशाच गाडीला बाजारात मला कुणी २४ च्या खाली आकडा सांगितला नाही. वरचे आठ लाख मी स्वतःच, दर वर्षी थोडे थोडे करून, सोडून दिले होते.

रिन्यूअलच्या महिनाभर आधी कंपनीला ईमेल करा. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या तीन-चार विक्रीच्या जाहिराती, सर्व्हिस रेकॉर्ड आणि जमल्यास मूल्यांकनकाराचा दाखला जोडा आणि आयडीव्ही वाढवून मागा. ऑनलाइन पानावरची मर्यादा अडवत असेल तर शाखेत जाऊन अंडररायटरशी, म्हणजे विम्याची रक्कम ठरवणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’, म्हणजे मूळ खरेदीची किंमत देणारं जास्तीचं संरक्षण, या वयाच्या गाडीला मिळत नाही, त्याची वाट पाहू नका. ठरलेल्या किमतीची खास पॉलिसी टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या मूळ नियमावलीत, फक्त व्हिंटेज गाड्यांना होती, म्हणजे १९४० च्या अखेरीआधी बनलेल्या. २००८ ची ऑडी टीटी तुमच्या लेखी कितीही क्लासिक असली तरी त्यात बसत नाही.

बदललेली चाकं, सस्पेन्शन, म्युझिक सिस्टीम वेगळी नोंदवून त्यांचा प्रीमियम भरलेला नसेल तर त्यांचा एक रुपयाही मिळणार नाही. हेही आताच पाहून घ्या.

तपासा: पॉलिसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी जुळतो का? कर्ज फिटलं असूनही हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, तशीच आहे का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ते काढून टाका. राहिलं तर क्लेमचा धनादेश बँकेच्या नावाने निघेल आणि तो सोडवण्यात महिना जाईल.

## टप्पा २: पहिले ४८ तास

माणसं सुखरूप आहेत ना, हे आधी. मग गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा: चारही बाजू, रस्त्यावरच्या खुणा, समोरच्या वाहनाची नंबर प्लेट, ओडोमीटर, उघडलेल्या एअरबॅग. कुणाला इजा झाली असेल, किंवा दुसऱ्या कुणाच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर पोलिसांत नोंद हवीच.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. गाडी फ्लॅटबेडवरच चढवा. बुटकी गाडी साध्या क्रेनने पुढून उचलली की बंपर, रेडिएटर आणि खालची आवरणं तुटतात, आणि मग सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजायला आलेला तपासनीस, विचारतो की हे नुकसान अपघाताचं की टोइंगचं.

थांबा: गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर मारू नका. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ‘हे नुकसान पुरामुळे नाही, तुमच्या कृतीमुळे’ असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. बॅटरीची तार काढा आणि गाडी उचलून न्या.

गाडी वर्कशॉपला पोचली की त्यांना दोन गोष्टी लेखी विचारा. टोटल लॉस झाल्यास एस्टिमेटचे किती पैसे लावणार? पार्किंगचं भाडं कोणत्या दिवसापासून, रोज किती? महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ही दोन्ही बिलं शेवटी मालकाच्या माथी येतात आणि तोवर रक्कम फुगलेली असते.

गाडीतलं तुमचं सामान, दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक आणि फास्टॅग त्याच दिवशी काढून घ्या. सर्व्हिस बुक तर नक्कीच.

## टप्पा ३: एस्टिमेट, सर्व्हेयर आणि ७५ टक्के

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

नुकसान ५० हजारांच्या वर असलं की परवानाधारक सर्व्हेयर लागतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा आहे. या तारखा वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर याच उपयोगी पडतात.

आता मुख्य नियम. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. ऐकायला सरळ आहे. पण टॅरिफच्या वाक्यात ‘पॉलिसीच्या अटींना अधीन राहून’ असे शब्द आहेत आणि जुन्या गाडीचं सगळं गणित त्या शब्दांवर फिरतं. कारण दुरुस्तीच्या क्लेममध्ये सुट्या भागांवर घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर आणि एअरबॅगवर ५० टक्के. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. काचेवर काही नाही.

माझं एस्टिमेट पाहा. एकूण १९ लाख: घसारा लागणारे भाग १५ लाख, काचा ५० हजार, मजुरी साडेतीन लाख. आयडीव्ही १६ लाख, त्याचे ७५ टक्के म्हणजे १२ लाख. मी निश्चिंत होतो, १९ कुठे आणि १२ कुठे. सर्व्हेयरने भागांचे निम्मे कापले: साडेसात, अधिक अर्धा, अधिक साडेतीन. साडेअकरा लाख. १२ च्या आत. त्यामुळे टोटल लॉस नाही, दुरुस्ती करून घ्या, वरचे साडेसात लाख खिशातून भरा.

त्या दिवशी मी सही केली असती तर खेळ तिथेच संपला असता.

मी केलं ते एवढंच: गाडी पूर्ण उघडायला लावली. तोवरचं एस्टिमेट बाहेरून दिसणाऱ्या नुकसानाचं होतं. लिफ्टवर चढवून खालची आवरणं काढली तेव्हा पुढच्या सबफ्रेमला डाव्या कंट्रोल आर्मच्या बोल्टाशी बोटभर लांबीची चीर दिसली. स्टीअरिंग रॅकचा दांडाही वाकला होता. मेकॅनिकने खडूने गोल करून दाखवला, मी टॉर्च धरून फोटो काढला आणि तो तसाच सर्व्हेयरला पाठवला. पुरवणी एस्टिमेटमध्ये १ लाख ८० हजारांचे भाग आणि ३० हजार मजुरी आली. घसारा जाऊन १ लाख २० हजार वाढले. साडेअकराचे १२ लाख ७० हजार झाले आणि गाडी टोटल लॉस ठरली.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. पहिलं एस्टिमेट आलं तरी ‘गाडी पूर्ण उघडल्याशिवाय अंतिम असेसमेंट करू नये’ असा ईमेल सर्व्हेयर आणि कंपनी दोघांना पाठवा.

२. गाडी उघडताना स्वतः हजर राहा. चासीची मोजमापं घ्यायला सांगा.

३. पुरवणी एस्टिमेट फोटोंसह जोडा.

४. सर्व्हेयरला लेखी विचारा: ७५ टक्के कोणत्या आकड्यावर मोजले, एकूण खर्चावर की घसारा कापून? कोणत्या भागावर किती कापलं?

५. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा.

या गणिताची दुसरी बाजूही लक्षात घ्या. गाडी तुम्हाला दुरुस्तच करून हवी असेल, तर आयडीव्ही कमी असल्यामुळे ती उगाच टोटल लॉसमध्ये जाऊ शकते. पॉलिसीत झीरो डेपचं जास्तीचं संरक्षण असेल तर घसारा कापत नाहीत, म्हणून ७५ टक्क्यांची रेघ लवकर ओलांडली जाते. आपल्याला काय हवं ते सर्व्हेयर येण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर चासी वाकलेली गाडी परत रस्त्यावर आणू नका. गाडीवर कितीही जीव असो, त्या सीटवर पुढे घरची माणसं बसणार आहेत.

## टप्पा ४: ऑफर आली की

टोटल लॉस एकदा मान्य झाला की आयडीव्हीवर पुन्हा घसारा लावता येत नाही. टॅरिफमध्ये स्पष्ट आहे: टोटल लॉससाठी पूर्ण पॉलिसी काळात आयडीव्ही हाच बाजारभाव धरायचा, पुढची घट न करता. तरीही ‘गाडी जुनी आहे, बाजारभाव कमी आहे, १४ ला सेटल करा’ असा फोन येऊ शकतो. मला आला. फोनवर वाद घालू नका. हे कलम लिहून ईमेल करा आणि कपात कोणत्या अटीखाली केली ते लेखी मागा. माझ्या ईमेलला तिसऱ्या दिवशी पूर्ण १६ लाखांचं उत्तर आलं.

कायदेशीर कपात एवढीच: सक्तीचा वाटा, म्हणजे १५०० सीसीपर्यंत एक हजार आणि वर दोन हजार रुपये, आणि तुम्ही स्वतः निवडलेला ऐच्छिक वाटा असेल तर तो.

मग प्रश्न रेकचा, म्हणजे अपघातग्रस्त गाडीचा. कंपनी बोली मागवते. समजा साडेचार लाखांची बोली आली. अनेकदा कंपनी आयडीव्हीतून तेवढी वजा करून उरलेली रक्कम देते आणि साडेचार लाख तुम्हाला बोली लावणारा देतो. पैसे दोन भागांत येतात, हे आधी समजून घ्या. बोलीवाल्याचे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी आणि किल्ल्या देऊ नका.

रेक स्वतःकडे ठेवायचा मोह बॉक्सस्टरसारख्या गाडीत मोठा असतो, कारण सीट, छत, चाकं, इंजिन सगळं कामाचं असतं. तुम्ही तीच गाडी पुन्हा घेणार असाल, झाकलेली जागा असेल आणि खात्रीचा मेकॅनिक असेल तरच ठेवा. नाहीतर ती अंगणात दोन पावसाळे काढते आणि भंगाराच्या भावात जाते.

## टप्पा ५: सह्या

थांबा: कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, सही करू नका. टोटल लॉसमध्ये होणारी ही सगळ्यात धोक्याची चूक आहे. आरसी तुमच्या नावावर राहते, गाडी कुठेतरी जोडून परत रस्त्यावर येते, किंवा तिचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची.

गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करा. विकली जाणार असेल तर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेले फॉर्म, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि ‘गाडी ताब्यात दिली’ अशी वेळ लिहिलेली पावती घ्या. नंतर वाहन पोर्टलवर नाव बदललं का ते स्वतः पाहा. बदलेपर्यंत दर आठवड्याला पाहा.

डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे पैसे घेतल्याच्या पावतीवर, ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेलं असतं. रक्कम मान्य नसेल तर सहीखाली ‘हरकत नोंदवून’ असं लिहा आणि त्याचा फोटो ठेवा.

## टप्पा ६: पटलं नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका. महिनाभरात उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण तिथे वेळ जातो.

## टप्पा ७: बजेट, आणि मगच शोध

पैसे खात्यात आल्यावरच हा टप्पा सुरू करा. गाड्या बघायला हरकत नाही, टोकन द्यायला आहे.

आलेल्या रकमेतून पंधरा ते वीस टक्के बाजूला काढा. जुनी स्पोर्ट्स कार घेतली की पहिल्या तीन महिन्यांत टायर, ब्रेक, कूलंट, बुश हे सगळं निघतंच. नो क्लेम बोनसही गेलेला असतो. ५० टक्के सवलतीची सवय असेल तर नव्या गाडीचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता दुप्पट वाटेल. तो धरून चाला.

आयात गाडी असेल तर आणखी एक खर्च. आरसीची १५ वर्षं संपल्यावर नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं आणि एप्रिल २०२२ पासून आयात चारचाकीला त्यासाठी ४० हजार रुपये पडतात, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ८० हजार. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. २०१० ची गाडी बघत असाल तर पहिला प्रश्न हा: नूतनीकरण झालं आहे का, कुठपर्यंत?

शोध कुठून सुरू करायचा? तुमच्या जुन्या मेकॅनिककडून. कोणती गाडी कुठे उभी आहे, कोणाची विकायची आहे, कोणती लपूनछपून रंगवली, हे त्याला जाहिरात येण्याआधी माहीत असतं. मला माझी दुसरी गाडी अशीच नाशिकला मिळाली.

## टप्पा ८: कागद आधी, गाडी नंतर

गाडी पाहायला जाण्यापूर्वी नंबर आणि आरसीचा फोटो मागा. वाहन पोर्टलवर मालक कितवा, हायपोथिकेशन, विमा, ब्लॅकलिस्ट पाहा. ई-चलान पाहा. मग विम्याच्या मागच्या तीन पॉलिसी मागा. मध्येच एक वर्ष फक्त थर्ड पार्टी असेल, किंवा बोनस एकदम शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. मोठा अपघात बहुतेक वेळा इथेच सापडतो.

भारतात कंपनीने विकलेली गाडी असेल तर मूळ इन्व्हॉइस बघा. कुणी वैयक्तिक आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची अधिकृत नोंद, हवीच. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात भूतानमार्गे आणलेल्या गाड्या कस्टम्सने जप्त केल्या, त्यांतल्या काही नंतरच्या खरेदीदारांकडे होत्या. कागद नसेल तर गाडी कितीही आवडो, मागे फिरा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, दिल्लीची तर फारच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे भाव पडले. पण ती इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. मूळ आरटीओची एनओसी मालकाने हातात दिल्याशिवाय आणि इथल्या कराचा आकडा आरटीओतून काढल्याशिवाय भाव बोलू नका.

## टप्पा ९: गाडी पाहताना

सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसरा दिवस मागा.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी शिवलेल्या पट्टीवर बनवल्याची तारीख असते. चारही काचांवरच्या खुणा आणि टायरवरचा चार आकडी कोड, आधी आठवडा मग वर्ष, एकमेकांशी ताडून पाहा. २०१० च्या गाडीत २०१६ चा बेल्ट म्हणजे बहुधा मोठा अपघात होऊन एअरबॅग उघडली होती.

मग गालिचा. बॉक्सस्टरमध्ये छताच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं पाल्याने तुंबतात, पाणी आत येतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक भागांपर्यंत पोचतं. सीट पुढे सरकवा, गालिच्याखाली हात घाला, बोटं हुंगा. ओलसर, कुबट वास आला तर भाव बोलायची वेळ आलेली नाही. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमध्ये टॉर्च मारा. रेडिएटरसमोर पानं कुजून कंडेन्सर सडतो.

मॉडेलचं वर्ष नीट घ्या. २००५ ते २००८ च्या बॉक्सस्टरमध्ये इंजिनच्या आतल्या आयएमएस बेअरिंगचा धोका आहे, ते तुटलं की इंजिनच जातं, २००९ पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. मी यासाठी दोन लाख जास्त मोजले आणि पुन्हाही मोजीन. अधिकृत वर्कशॉपमध्ये संगणकावर इंजिनाचा अहवाल काढून घ्या. इंजिन किती तास चाललं आणि मर्यादेच्या वर किती वेळा फिरवलं गेलं ते त्यात कळतं. ओडोमीटर मागे केलेला असेल तर हे तास त्याच्याशी जुळत नाहीत.

तपासा: पुढच्या बॉनेटच्या आतलं स्टिकर, काचेखालचा चासी नंबर आणि आरसी. तिन्ही एकच हवेत.

## टप्पा १०: पैसे देण्याआधी पॉलिसी

गाडी विकत घेतली की जुन्या मालकाचा थर्ड पार्टी विमा कायद्याने तुमच्याकडे येतो. ओन डॅमेज येत नाही, कंपनीने तुमच्या नावाची नोंद केल्याशिवाय. म्हणजे घरी आणताना वाटेत काही झालं तर तुमच्या गाडीचे शून्य रुपये. १४ दिवसांत अर्ज करायचा असतो, पण तुम्ही त्याची वाट पाहू नका.

व्यवहाराच्या आदल्या दिवशी कंपनीचं इन्स्पेक्शन करून घ्या. भरलेले फॉर्म २९, ३० आणि पैसे एकाच बैठकीत द्या-घ्या. आरसी त्याच राज्यात असेल तर नाव बदलायचा अर्ज तीस दिवसांच्या आत तुम्ही करायचा आहे, मालकाच्या भरवशावर सोडू नका.

आणि आयडीव्ही. खरेदीची पावती, इन्स्पेक्शनचे फोटो, अधिकृत वर्कशॉपचा अहवाल हे तिन्ही जोडून तो खरेदीच्या किमतीइतका लिहून मागा. माझ्या नव्या पॉलिसीवर २५ लाख आहेत. प्रीमियम जास्त बसतो. पुढच्या रिन्यूअलची तारीख मी फोनमध्ये एक महिना आधीची टाकून ठेवली आहे, आणि त्याच मॉडेलच्या जाहिराती तोवर एका फोल्डरमध्ये साठवतो आहे.